रेषेच्या वरचे चोवीस हजार

सकाळी दहाला मालकीणबाईंनी वरच्या केबिनमध्ये बोलावलं, तेव्हा धाकटीला वाटलं काहीतरी फुटलं. चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात वरून बोलावणं आलं, की माणूस आधी फुटलेल्या काचेचाच विचार करतो. ती हात पुसत जिना चढली आणि पाच मिनिटांनी खाली आली, ती पायऱ्या न मोजताच.

उस्ताद महिनाअखेर काम सोडून मुलीकडे राहायला जाणार होते. पाच वर्षं मुख्य टेबलावर बसलेला माणूस उठणार आणि त्या जागी एक तारखेपासून तिनं बसायचं, असं मालकीणबाई म्हणाल्या होत्या. पगार शेहेचाळीस हजारांवरून अठ्ठावन्न हजार. "फक्त चार वाजेपर्यंत सांगा. नाही म्हणालात तर मला बाहेरच्या कारागिराला फोन करायचाय. तो जास्त थांबणार नाही."

पगाराचं सोडा. धाकटीचा जीव त्या टेबलावर जडला होता. मुख्य टेबलावर अवघड काचा येत. जाड नंबराच्या, तिरक्या नंबराच्या, अर्धं आयुष्य चाचपडत काढलेल्या माणसांच्या. बाकीची टेबलं दिवसभर सोप्या काचांचे ढीग उपसत, आणि धाकटी अकरा वर्षं आपला ढीग उपसता उपसता मान वाकडी करून त्या टेबलाकडे बघत आली होती. आता ते टेबल तिचं होणार होतं. तिला जिन्यातच ओरडावंसं वाटलं होतं, पण खाली बारा माणसं वाट बघत होती, म्हणून तिनं तोंड मिटून घेतलं. अर्थात चेहरा मिटता येत नाही.

"काय गं, एवढी फुलून आलीस?" थोरलीनं विचारलं.

थोरली म्हणजे तिची मोठी जाऊ. दोघी एका घरात, एका स्वयंपाकघरात आणि एकाच कारखान्यात. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला काचेची कड कुठली आणि पाठ कुठली हेसुद्धा कळत नव्हतं. थोरलीनंच तिला हाताला धरून चाकापुढे बसवलं, पहिल्या चाळीस काचा फुटल्या त्या स्वतःच्या नावावर घेतल्या आणि एक्केचाळिसावी जमली तेव्हा सगळ्या कारखान्याला चहा पाजला. अशा बाईपासून काही लपवणं शक्यच नव्हतं. धाकटीनं एका दमात सगळं सांगून टाकलं.

कुणी अभिनंदन केलं नाही. चाकांवरचं पाणी तेवढं टपटपत राहिलं.

"अठ्ठावन्न?" थोरली म्हणाली. "म्हणजे रेषा ओलांडणार तू."

आता ही रेषा काय ते सांगायला हवं, कारण ती या एका कारखान्याखेरीज जगात कुठेच नसावी. कराचा तक्ता हिशेबाच्या खिडकीशेजारी लावलेला होता. वर्षाला तीन लाखांपर्यंत काही नाही, तीन ते सहा लाखांना दहा टक्के, सहाच्या वर वीस टक्के. त्यातल्या सहा लाखांना कारखान्यात रेषा म्हणत. रेषेच्या एक पाऊल जरी वर गेलात, तर वर्षभराच्या सगळ्या पगाराला वीस टक्के लागतात, अशी इथली पक्की समजूत होती. त्यामुळे वर्षाचा उत्तरार्ध लागला की जो तो आपली बेरीज करी आणि रेषा जवळ आली की जादा काम घेणं बंद करी. ऑर्डरी तुंबत, मालकीणबाई डोकं धरून बसत, पण शनिवारी यायला कुणी तयार होत नसे. हा कायदा थोरलीनं घालून दिला होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. पाच वर्षांपूर्वी मुख्य टेबल आधी थोरलीलाच देऊ केलं होतं. तिनं रेषेपायी नाही म्हटलं, म्हणून तर बाहेरून उस्ताद आले.

थोरलीनं खडू उचलला आणि टेबलाच्या लोखंडी कडेवर आकडे मांडले. "सहा महिने शेहेचाळीसचे झाले दोन लाख शहात्तर. पुढचे सहा अठ्ठावन्नचे, तीन लाख अठ्ठेचाळीस. एकूण सहा लाख चोवीस हजार. त्याचे वीस टक्के एक लाख चोवीस हजार आठशे. आणि आहे तिथेच बसलीस तर वर्षाचा कर किती? महिन्याला एकवीसशे कापतात, म्हणजे पंचवीस हजार दोनशे. म्हणजे पगार वाढणार बहात्तर हजारांनी आणि कर वाढणार जवळजवळ लाखानं. सहा महिने जास्त राबून सत्तावीस हजार सहाशे खिशातून घालायचे. कुणी सांगितलाय हा उपद्व्याप?"

आकडे अगदी बरोबर होते. थोरलीची बेरीज चुकलेली कुणी पाहिली नव्हती.

"ताई, पण मग एखाद्याला बरोबर सहा लाख मिळाले तर कर इतका कमी, आणि एकच नाणं जास्त मिळालं तर एक लाख वीस हजार? एका नाण्यापायी एवढी उडी? असा नियम कुणी शहाणा माणूस करेल का?"

"आणि सरकारला तू शहाणं समजतेस?" थोरली म्हणाली. सगळे हसले. तिथे बोलणं संपलं.

बोलणं संपलं तरी धाकटीचं डोकं थांबेना. नेमक्या त्याच दिवशी खिडकीबाबूनं सहामाही चिठ्ठ्या वाटल्या. खिडकीबाबू म्हणजे हिशेबाच्या खिडकीतला कारकून. त्याचा कमरेखालचा भाग कारखान्यात कुणीही पाहिलेला नव्हता. चिठ्ठीवर सहा महिन्यांचा पगार आणि आतापर्यंत कापलेला कर लिहिलेला असे. धाकटीनं आपली चिठ्ठी डब्याच्या झाकणाखाली अर्धी लपवून वाचली, कारण पगाराची चिठ्ठी दुसऱ्याला दिसू देणं तिथे अंगावरचं लुगडं सुटण्यासारखं मानत.

पगार दोन लाख शहात्तर हजार. कर बारा हजार सहाशे.

तिनं घास हातातच धरला. दोन लाख शहात्तरला तर काहीच लागायला नको, अजून तीन लाखसुद्धा झाले नाहीत! म्हणजे खिडकीबाबूचं हिशेबाचं यंत्र सहा महिन्यांचं बघत नव्हतं. महिन्याचा पगार बघून अख्खं वर्ष धरत होतं, त्याचा कर काढून बारा महिन्यांत वाटत होतं. बरं, वर्षाचे पाच लाख बावन्न हजार. ती तीन लाखांची पहिली रेषा ओलांडून किती पुढे गेलेली! मग सगळ्या पगाराला दहा टक्के लागले का? लागले असते तर सहा महिन्यांचे सत्तावीस हजार सहाशे कापले असते. कापले होते बारा हजार सहाशे. वरच्या दोन लाख बावन्न हजारांचेच दहा टक्के, त्याच्या निम्मे. खालच्या तीन लाखांना कुणी बोटही लावलं नव्हतं.

पहिली रेषा जर खालचं गिळत नाही, तर दुसरी कशी गिळेल?

डबा तसाच टाकून तिनं काचेच्या वेष्टणाचा कागद ओढला आणि पेन्सिल घेतली. नुसत्या तर्कानं थोरली ऐकणार नव्हती. पुरावा हवा होता. रेषेच्या वर राहणारा कारखान्यात एकच माणूस होता, उस्ताद. मुख्य टेबलाचा ठरलेला पगार अठ्ठावन्न हजार, वर्षाचे सहा लाख शहाण्णव हजार. थोरलीच्या रीतीनं सहा महिन्यांचा कर आला एकोणसत्तर हजार सहाशे. धाकटीच्या रीतीनं, म्हणजे मधल्या तीन लाखांना दहा टक्के आणि फक्त वरच्या शहाण्णव हजारांना वीस, आला चोवीस हजार सहाशे. दोन्ही आकडे तिनं कागदावर शेजारी शेजारी लिहिले. आता उस्तादांच्या चिठ्ठीवर यांतला कुठला आहे, एवढंच बघायचं होतं.

एवढंच! परक्या पुरुषाकडे जाऊन पगाराची चिठ्ठी मागायची म्हणजे काय चेष्टा होती?

उस्ताद मागच्या दारात ऊन खात बसले होते. धाकटी समोर उभी राहिली आणि पदराशी चाळा करत म्हणाली, "उस्ताद, एक गोष्ट मागायचीय. रागावू नका."

"माझा चिमटा तेवढा मागू नकोस. तो मी घेऊन जाणार."

"चिमटा नको. तुमची पगाराची चिठ्ठी हवी."

उस्तादांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग डावी-उजवीकडे. "कशाला?"

"सगळी नको. करापुढचा आकडा तेवढा सांगा."

"मला काय ठाऊक? मी कधी वाचलीय? मी पगार मोजत नाही, पोरी. जे हातात येतं ते घरात देतो आणि मोकळा होतो." त्यांनी शर्टाच्या खिशातून चिठ्ठी काढली. ती अजून चिकटवलेलीच होती. "घे. तूच फोड. पण घरी सांगू नकोस, तिथे माझ्याआधी कुणी फोडलेली चालत नाही."

तिनं नखानं कड सोडवली. घाईत कडेचा एक तुकडा फाटला. काच घासताना अशी घाई केली असती तर थोरलीनं कान उपटला असता. पगार तीन लाख अठ्ठेचाळीस हजार. कापलेला कर...

चोवीस हजार सहाशे.

धाकटी किंचाळली. साधीसुधी नाही, चांगली मोठ्यानं. आत दोन चाकं थांबली आणि कुणीतरी विचारलं, बोट गेलं का. ती उस्तादांच्या पाया पडली, चिठ्ठी त्यांच्या हातात कोंबली, परत घेतली, "आत्ता आणून देते" म्हणाली आणि पळत सुटली. चाळिशीला टेकलेली बाई कारखान्यात पळताना बघून पोतं वाहणारा गडी भिंतीला चिकटून उभा राहिला.

"ताई! ताई, खालच्याला हात लावत नाहीत! वरच्यालाच लावतात! हे बघा, हे मी आधी लिहिलं होतं आणि हे चिठ्ठीवर आहे. आकडा न् आकडा तोच! सहा लाख चोवीस हजारांतले रेषेच्या वरचे किती? चोवीस हजार! त्यांनाच वीस टक्के, चार हजार आठशे! वर्षाचा कर चौतीस हजार आठशे. बहात्तर हजार वाढणार, त्यातून नऊ हजार सहाशे जाणार. बासष्ट हजार चारशे हातात, ताई!"

भोवती गर्दी जमली. कागद हातोहात फिरला. कुणी बोटांवर मोजत होतं, कुणी आपली चिठ्ठी चक्क उघडून सगळ्यांसमोर धरत होतं, लाजबीज सगळी बाजूला. "माझंही जुळतंय!" "अगं माझंही!" असा गलका उठला. पडली असेल एखाद्याला लॉटरी, पण बारा जणांना एकदम पडल्यासारखा आनंद त्या टेबलांनी पहिल्यांदाच पाहिला.

थोरली मात्र कागदाकडे बघत उभी होती. तिनं आकडे एकदा तपासले, दुसऱ्यांदा तपासले. मग धाकटीचा दंड धरून तिला काचांच्या कपाटामागे नेलं.

"मग माझं काय झालं होतं?" ती हळू आवाजात म्हणाली. "आठ वर्षांपूर्वी मी एका महिन्यात दुप्पट काम केलं. पगार दुप्पट आला आणि कर पाचपट कापला. मी डोळ्यांनी पाहिलाय. ते काय खोटं?"

"खरंच असेल, ताई. यंत्राला वाटलं असेल, तुमचा पगार आता वर्षभर दुप्पटच राहणार. त्यानं तसा कर धरला. पण पुढच्या महिन्यात पगार नेहमीसारखा आल्यावर त्याला चूक कळली असणार. मग त्यानं पुढे कमी कापलं असेल. नाही कापलं?"

थोरलीचा चेहरा एकदम उतरला.

"पुढचे दोन महिने कापलाच नव्हता," ती म्हणाली. "अजिबात नाही. मला वाटलं, खिडकीबाबूला माझी दया आली. आपल्या जिवावर त्यानं माझा कर लपवला. हे बाहेर फुटलं तर बिचाऱ्याची नोकरी जाईल, म्हणून मी कुणाला बोलले नाही. तुझ्या भावजींनासुद्धा नाही. लोकांना सांगितलं ते फक्त पाचपट कापल्याचं."

आठ वर्षं थोरली खिडकीबाबूशी इतकी का गोड बोलते, याचं कोडं धाकटीला तेव्हा उलगडलं. दर थंडीत त्याला लोकरीचे मोजे विणून देते, ते यासाठी! हसू आवरणं तिला कठीण झालं, आणि थोरलीच्या डोळ्यांत पाणी बघून तिनं ते गिळून टाकलं.

दोघी खिडकीपाशी गेल्या. थोरलीनं सगळं विचारलं. खिडकीबाबूनं चष्मा कपाळावर चढवला.

"दया? बाई, मी कोण दया करणारा? जास्त कापलं गेलं की यंत्र पुढच्या महिन्यांत आपोआप वळतं करतं. सगळ्यांचंच करतं." मग त्याला काहीतरी सुचलं. "म्हणजे ते मोजे..."

"पायात घालायला दिलेत, ते घाला," थोरली म्हणाली आणि मागे वळली.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला पाच मिनिटं होती. वर जायला हवं होतं. पण धाकटीचे पाय जिन्याकडे वळेनात. सकाळपासून ती ज्या आनंदात तरंगत होती, त्यात आता एक काटा सलत होता. ते टेबल थोरलीचं होतं. पाच वर्षांपूर्वी तिनं नाही म्हटलं ते एका खोट्या रेषेपायी, आणि ती रेषा तिच्या चांगुलपणानंच एवढी वर्षं टिकली होती.

"ताई, मी वर जाऊन सांगते. हे काम तुमचं आहे. तुम्ही माझ्याहून..."

"खबरदार!" थोरली कडाडली. "नाही म्हटलं ते मी म्हटलं, माझ्या तोंडानं. आज विचारलंय ते तुला. आणि हे बघ." तिनं दोन्ही हात पुढे केले. थंड पाण्यात वर्षानुवर्षं भिजून बोटांची पेरं सुजली होती, वाकडी झाली होती. "पाच वर्षांपूर्वी या हातांनी कुठलीही काच घासली असती. आता तिरका नंबर आला की रात्री ठणकतात. तुला माहीत नाही, कारण मी दाखवत नाही."

त्या हातांनीच धाकटीला चाकापुढे बसवलं होतं.

"एक सांग," थोरली म्हणाली. "तेव्हा हो म्हटलं असतं तर आतापर्यंत किती जास्त मिळाले असते? कर जाऊन."

धाकटीच्या डोक्यात तो आकडा केव्हाच तयार होता. सव्वाचार लाखांच्या वर. थोरलीच्या मुलीचं शिक्षण पैशांवाचून मध्येच राहिलं होतं, तेही तिच्या डोक्यात होतं.

"फार नाही, ताई. पन्नास-साठ हजार असतील."

थोरलीनं तिच्याकडे रोखून पाहिलं. ज्या बाईची बेरीज कधी चुकली नाही, तिला हे काय कळणार नव्हतं? पण तिनं मान डोलावली. "मग ठीक आहे," म्हणाली आणि धाकटीला पाठीत धपाटा घालून जिन्याकडे ढकललं. "पळ! तीन मिनिटं राहिलीत. फोन लागला तर मी तुला घरात घेणार नाही."

धाकटी दोन-दोन पायऱ्या चढली. मालकीणबाईंचा हात फोनवरच होता. "हो!" ती दारातूनच म्हणाली. "माझं हो आहे. आणि पुढच्या शनिवारी किती काम आहे ते सांगा, माणसं मिळतील."

मालकीणबाईंना आधी ऐकू आलेलं खरं वाटेना. मग त्यांनी फोन खाली ठेवला, खुर्चीला टेकल्या आणि तुंबलेल्या ऑर्डरींची अख्खी फाइल तिच्या हातात दिली.

ती खाली आली तेव्हा चाकं बंद होती. सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं नुसती मान हलवली, तसा टाळ्यांचा कडकडाट झाला, उस्तादांनी तर बोटं तोंडात घालून शिटी मारली. मग थोरली आपल्या स्टुलावरून उठली. घरात किंवा कारखान्यात धाकटीसाठी ती कधी उठून उभी राहिली नव्हती, राहायचं कारणही नव्हतं. पदरानं हात पुसून ती पुढे आली.

"उस्ताद," ती धाकटीला म्हणाली, "मला एक तारखेपासून कुठे बसवताय?"

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इतकी वर्षं "अगं धाकटे" म्हणणाऱ्या तोंडून हे ऐकायची तिला सवय नव्हती.

"माझ्या शेजारी, ताई. घासायचं मी. घासलेली प्रत्येक अवघड काच तपासायची तुम्ही. हात दुखले तरी नजर कुठे दुखतेय तुमची? बाईंशी मी बोलेन. तपासणीचा पगार वेगळा असतो."

"वेगळा म्हणजे किती?"

"महिन्याला चार हजार तरी सुटतील."

थोरलीनं तिथल्या तिथे, खडूशिवाय, हिशेब केला. तिचे ओठ हलत होते. "माझे एकोणपन्नास हजार आहेत. त्यात हे धरले तर मीसुद्धा रेषेच्या वर जाते."

"जाता, ताई. बारा हजारांनी. त्यांनाच वीस टक्के पडतील."

"पडू देत," थोरली म्हणाली. मग ती उस्तादांच्या टेबलाजवळ गेली आणि आपलं स्टूल स्वतःच ओढत तिथे नेऊन ठेवलं.